लेकराला कॉम्प्युटर जोडू द्या

येलदरीच्या, येलदरी कॅम्पच्या आणि एकूणच जिंतूर तालुक्यातल्या आई-बाबांशी आज एका मागणीविषयी बोलायचं आहे. दहावी-बारावीची परीक्षा देऊन मोकळं झालेलं लेकरू म्हणतं, "मला लॅपटॉप नको, नवा मोबाइलही नको. डेस्कटॉप पाहिजे, आणि तो मीच जोडणार. गेम खेळायचेत आणि गाणी रेकॉर्ड करायचीत." यातला 'गेम' हा शब्द कानावर पडला की पुढचं काही ऐकूच येत नाही. "आधी मार्क दाखव" म्हणून विषय मिटतो. मग लेकरू मोबाइल घेऊन गच्चीवर जातं आणि तिथं खेळायचं ते खेळतंच, फक्त तुमच्या नजरेआड.

माझं म्हणणं सरळ आहे. ऐपत असेल तर ही मागणी मान्य करा. नसेल तर कर्ज काढून मात्र करू नका. एखाद्या कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप घेऊन त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) बसवली तर गाणं रेकॉर्ड करण्यापुरता तो पुष्कळ झाला. पण नवा घ्या की जुना, तो लेकराच्या हातानं उघडला जाऊ द्या, आणि त्या वेळी तुम्ही शेजारी बसा.

डेस्कटॉपच का, असं विचाराल. घरात येणाऱ्या पडद्यांपैकी हा सगळ्यात उघडा. तो एका जागी असतो, पांघरुणात घेता येत नाही, येता-जाता सगळ्यांना दिसतो. बैठकीत ठेवला तर किती वेळ चालू आहे हे विचारावं लागत नाही. शिवाय त्यातला प्रत्येक भाग सुटा असतो. काही बिघडलं तर तेवढाच भाग बदलायचा. चार वर्षांनी अपुरा पडला तर रॅम वाढवायची, कार्ड बसवायचं. मोबाइल पडला की संपला. डेस्कटॉप दुरुस्त होतो, आणि ती दुरुस्ती घरातल्या घरात शिकता येते.

"नुसते भाग जोडायचे, त्यात काय शिकणार?" हा प्रश्न मी बऱ्याच बाबांकडून ऐकला आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्याची मूळ चिप त्यांच्या चमूनं बनवली नव्हती. बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर घेतले आणि ते एकमेकांना असे जोडले, की अनेकांनी मिळून एक काम करावं. जोडण्यातच सगळी बुद्धी होती. आपल्या गावाला तर यंत्र नवं नाही. पूर्णेवर धरण आहे, धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. पाण्यावर वीज होताना बघत वाढलेल्या लेकराला घरातल्या २३० व्होल्टचे कॅबिनेटच्या आत १२ व्होल्ट कसे होतात, हे हातानं कळलं तर ते शिक्षणच आहे.

आता खरेदीचं. लेकराची यादी ग्राफिक्स कार्डपासून सुरू होते, कारण यूट्यूबवर सगळे तिथूनच सुरू करतात. तुम्ही यादी उलटी करा. पहिल्या वर्षी वेगळं कार्ड नकोच. आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या. त्यावर बरेच गेम बेतास बात चालतात आणि रेकॉर्डिंगला तर कार्डाची गरजच पडत नाही. अशा प्रोसेसरची ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेते, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात, वेग जास्त मिळतो. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढले आहेत, तेव्हा मदरबोर्ड चार खाचांचा घेऊन पुढची भर पुढे टाका. वाचलेला पैसा एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर घाला. दुकानात सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच असतो, कॅबिनेटबरोबर 'फुकट' येतो, आणि बिघडला तर बाकीचे भाग बरोबर घेऊन जातो. चांगल्या एसएमपीएसला काही वर्षांची वॉरंटी असते. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. जिंतूरला मिळालं नाही तर परभणी, नांदेड आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्त मिळतं खरं, पण वॉरंटीसाठी तिथवर कोण जाणार, हा विचार आधीच करा.

आपल्या भागात जोडायच्या कॉम्प्युटरचा खरा शत्रू ऊन आहे, आणि हे कोणी सांगत नाही. परभणीचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा ४४ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत संध्याकाळीही भिंतीला हात लाववत नाही. प्रोसेसर किती तापणार हे खोलीच्या हवेवर अवलंबून असतं. २५ अंशांच्या खोलीत जो ७० वर राहतो, तो ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या घरात जातो. ९५-१०० च्या आसपास पोचला की जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. लेकरू म्हणतं, गेम अडकतोय, नवं कार्ड पाहिजे. कार्ड नको असतं, हवा हवी असते. म्हणून समोर काच आणि आत रंगीत दिवे असलेलं कॅबिनेट घेऊ नका. समोर जाळी असलेलं, काढून धुता येईल असा डस्ट फिल्टर असलेलं घ्या. आपल्याकडे काळ्या रानाची धूळ आहे, आणि वेचणीच्या दिवसांत घरात कापूस असेल तर त्याचे तंतू पंख्यात जाऊन बसतात. महिन्यातून एकदा मशीन बंद करून, प्लग काढून, ब्रशनं सफाई हे लेकराचं काम. ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं. खोलीत पाण्याचा कूलर असेल तर त्याच्या झोतात कॅबिनेट ठेवू नका; ओलसर हवा आणि पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात.

यातच एक पेच आहे, आणि मला तो फार आवडतो. गेमला हवा लागते, रेकॉर्डिंगला शांतता. एकाच पेटीत दोन्ही बसवायचं म्हणजे लेकराला विचार करावाच लागतो. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो आणि आवाज कमी करतो, म्हणून छोट्या पंख्यांपेक्षा १२० किंवा १४० मिलिमीटरचे बरे. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, पंख्याचा वेग तापमानाला बांधून देता येतो. गाणं रेकॉर्ड करताना प्रोसेसरवर फारसा भार नसतो, त्यामुळे पंखे आपोआप मंद होतात; गेम सुरू झाला की जोर धरतात. कॅबिनेट टेबलाच्या खाली एका बाजूला, माइक दुसऱ्या बाजूला, भिंतीवर एखादी जाड वाकळ टांगलेली. छताचा पंखा तेवढा वेळ बंद. घुमणारी खोली बरीच आवाक्यात येते, आणि वाकळ तर घरचीच असते.

दुसरी गोष्ट अर्थिंग. जरा उठून घरातला बोर्ड बघा. तीन पिनांचं सॉकेट असेल, पण कितीतरी घरांत तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यावर येत असतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर पत्र्यावरच राहतो आणि हात लावला की झिणझिण्या येतात. हाच दोष माइकच्या आवाजात कायमची 'घूं' होऊन उतरतो. लेकरू आठवडाभर सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसतं आणि खोट अंगणात असते. अर्थिंगचा खड्डा, त्यात पत्रा, मीठ-कोळसा, उन्हाळ्यात त्यावर पाणी टाकणं, हे सगळं जाणत्या वायरमनकडून करून घ्या. या कामात लेकराला हात घालू देऊ नका, फक्त बघू द्या. मृगाच्या आधी वळीव कडाडू लागला की यूपीएसचा प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढायची, हा घराचा नियम करा. नुसतं बटण बंद करून वीज अडत नाही.

यूपीएस लागतोच. लाइट गेल्यावर गेम पुढे चालावा हा त्याचा उपयोग नाही. चाललेलं काम जतन करून मशीन नीट बंद करता यावी, एवढ्यासाठी तो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, वेगळं कार्ड नसलेल्या मशीनला तो पुरतो. पुढे कार्ड बसवलंत तर १०००-११०० व्हीएकडे जावं लागेल. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे ना, आणि त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे ना, ते बघा. विजेच्या बिलाची धास्ती असेल तर हिशोब सोपा आहे. गेम खेळताना मॉनिटरसकट ३०० वॅट धरले तरी तीन तासांना एक युनिटही होत नाही, आणि रेकॉर्डिंगला त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी.

जोडायच्या दिवशी मात्र घाई करू नका. जेवणं उरकून, मोठ्या टेबलावर, उजेडात बसा. लेकराला आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायला सांगा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर बारीक सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही तसाच. त्रिकोणावर त्रिकोण आला की प्रोसेसर स्वतःच्या वजनानं खाली बसतो, दाबायचा नसतो. इथं जोर लावला की पिना वाकतात, आणि वाकलेली पिन सरळ करणं सोनाराच्या हातचं काम आहे. वर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, त्यावर कूलर, स्क्रू तिरप्या क्रमानं थोडे थोडे आवळायचे. रॅमला मात्र जोर लागतो. दोन्ही टोकं खटकन बसली पाहिजेत. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. बहुतेक वेळा रॅम अर्धवट बसलेली असते, किंवा एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण बंद असतं, किंवा प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर लावायची राहिलेली असते. "बघ, मोडलंस ना" हे वाक्य त्या क्षणी तोंडातून जाऊ देऊ नका. पुस्तिका उघडा, दोघं मिळून एक एक वायर परत तपासा. न चालणारी वस्तू शांतपणे तपासून चालू करता येते, हे लेकराला त्या रात्री कळतं. ते शिकवणारा दुसरा तास मला तरी माहीत नाही.

आता गाण्याकडे येते, कारण या सगळ्या खर्चाचं मोल मला तिथंच सर्वांत जास्त दिसतं. मदरबोर्डच्या मागे माइकचं छिद्र असतं, पण त्यात माइक घातला की खरखर येते आणि आवाज उशिरा ऐकू येतो. त्याऐवजी दोन माइक लावता येतील असा छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी बाहेरची पेटी, घ्या. आवाजाचा हा उशीर म्हणजे लेटन्सी. दहा मिलिसेकंदांत आवाज हवेतून जवळजवळ साडेतीन मीटर जातो. म्हणजे तेवढा उशीर झाला तर संबळ वाजवणाऱ्याला आपलंच वाद्य खोलीच्या पलीकडून ऐकू आल्यासारखं वाटतं. त्याहून जास्त झाला तर ठेका मोडायला लागतो. इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर घालून बफर, म्हणजे आवाज तुकड्या-तुकड्यांनी साठवायचा टप्पा, १२८ सॅम्पलवर ठेवला, तर ४८ किलोहर्ट्झला तो टप्पा तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. माइक घेताना कंडेन्सरच्या मोहात पडू नका. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती इंटरफेस देतो. पण तो शेजारच्या गिरणीचा आणि कोंबड्याचाही आवाज तितक्याच आवडीनं टिपतो. आपल्या घरांना तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक माइक बरा. सॉफ्टवेअरला सुरुवातीला पैसे लागत नाहीत, ऑडॅसिटी फुकट आहे. डिस्कचीही चिंता नको. चांगल्या दर्जाचा एका माइकचा आवाज मिनिटाला नऊ एमबीच्या आत बसतो. जागा खातात ते गेम. मोठा असेल तर एकेक शंभर जीबीचा असतो.

आणि मग रेकॉर्ड काय करायचं? लेकरू रॅप म्हणेल, बीट बनवेल, करू द्या. पण आपल्या मुलखात आवाजांची ददात नाही. परभणीचे राजाराम कदम यांना लोक गोंधळमहर्षी म्हणत. जनाबाईंचं गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात, नामदेवांचं नरसी शेजारच्या हिंगोलीत. गावोगावी भजनी मंडळ आहे, पखवाज आहे, हार्मोनियम आहे. आणि घरात आजी आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे संशोधक त्यांना मिळाले. बेल यांनी ओव्यांचा डेटाबेस बांधला आणि शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलं. आज त्यातलं बरंच 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतं. इतकं मोठं काम होऊनही तुमच्या आईच्या ओव्या त्यात नसण्याचीच शक्यता जास्त. त्या रेकॉर्ड करायला आता बाहेरून कुणी यायची गरज नाही, यंत्र तुमच्या बैठकीत आहे. आजीला माइकसमोर बसवा, तिला हवं तेवढं थांबू द्या, मध्ये बोलू द्या, रेकॉर्डिंग चालूच ठेवा. फाइलला नाव, गाव, तारीख लिहायला लेकराला शिकवा आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायला सांगा.

गेमबद्दल तुमची काळजी खोटी नाही, पण ती नेमकी करा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम ही खरी आग. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून अशा खेळांवर बंदी घातली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. हा फरक लेकराला समजावून सांगा, आणि तुमचं यूपीआय, कार्ड त्या मशीनवर जतन करू नका. अनोळखी माणसाशी हेडफोनवर बोलणं चालू असेल तर कोण आहे, विचारा. हेडफोनचा आवाज बेताचा ठेवायला सांगा. ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा; लहानांसाठी ती त्याहून कमी आहे. खेळण्याचं व्यसन हा आजार म्हणून त्याच संघटनेनं नोंदवला आहे, पण त्याची खूण नुसते तास नव्हे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा डॉक्टरांकडे जावं. शनिवारी चार तास खेळून रविवारी रानात येणाऱ्या लेकराला व्यसनी म्हणू नका. एकदा त्याच्या शेजारी बसून खेळून बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली 'राजी' नावाचा गेम आणला, आपल्या पुराणकथांच्या जगातला, भावाला शोधत निघालेल्या एका मुलीचा. गेम बनवणारी माणसंही इथलीच असतात, हे त्यातून लेकराला दिसेल.

मुलीचा विषय निघालाच आहे, तर बोलते. ही मागणी मुलानं केली तर आपण निदान भांडतो. मुलीनं केली तर हसून सोडून देतो. स्क्रूड्रायव्हर मुलाच्या हातात, आणि ती चहा घेऊन येणार, असं करू नका. प्रोसेसर बसवायला हलका, स्थिर हात लागतो, तो तिच्याकडे आहे. घरात दोन लेकरं असतील तर दोघांनी जोडावा, आणि पासवर्ड दोघांचाही असावा.

तेव्हा या सुट्टीत यादी लेकराला करू द्या, पैशाचा आकडा तुम्ही ठरवा, आणि दुकानात तिघं मिळून जा. मात्र अर्थिंगचं काम कॅबिनेट घरात येण्याआधी उरकून घ्या.